कोलाडला बर्फ पडत नाही

गाणं चांगलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच गाण्यावर तोंडसुख घेणार आहे आणि ते करणारे तिघेही माझे शाळेपासूनचे मित्र आहेत. कोलाडला आंबेवाडी नाक्यापासून थोडं आत, एकाच्या वडिलांच्या बंद पडलेल्या गॅरेजच्या गाळ्यात त्यांनी ते रेकॉर्ड केलंय. लॅपटॉप एक, गिटार दोन, बास उसना आणलेला, माइक एक. भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगलेल्या. गिटार कडक, ड्रम्स चोख, आणि मधला ब्रेकडाऊन असा की पहिल्यांदा ऐकताना माझी मान आपोआप हलायला लागली. मग शब्दांकडे कान दिला. इंग्रजी. विषय, हिवाळा. गोठलेली नदी, पांढरं शहर, पायाखाली करकरणारा बर्फ.

कोलाडला बर्फ! आमच्याकडे बर्फ दिसतो तो मच्छीवाल्या मावशीच्या टोपलीत, नाहीतर उसाच्या रसात. कुंडलिका नदी गोठणं तर सोडाच, सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की ती अशी धावते की मुंबईचे लोक पैसे देऊन तिच्यात राफ्टिंग करतात. मी मित्राला विचारलं, "तू बर्फ कधी बघितलायस?" तो म्हणाला, "अगं, मेटलकोअरमध्ये असंच असतं."

असंच असतं का, यावर हा लेख आहे. कारण असे गाळे फक्त कोलाडला नाहीत. तुमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्येही एखादा असेल, जो लेक्चरला मागच्या बाकावर बोटांनी डबल बेस वाजवत बसतो आणि ज्याच्या लॅपटॉपवर चार अर्धवट गाणी पडलेली असतात. आमच्या पोरांची सहा गाण्यांची योजना आहे. चार झालीत. दोन अडलीत, आणि ती का अडलीत तेही सांगते.

ज्यांना मेटलकोअर हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ऐंशीच्या दशकातला अमेरिकन हार्डकोअर पंक म्हणजे छोट्या हॉलमध्ये वाजणारी, दीड-दोन मिनिटांची, रागावलेली, सरळसोट गाणी. मेटल म्हणजे गिटारचं कसब आणि वजन. नव्वदच्या दशकात अर्थ क्रायसिस, इंटिग्रिटी, कन्व्हर्ज अशा बॅण्ड्सनी या दोन्हींची सरमिसळ केली. पुढे त्यात स्वीडनच्या गोथेनबर्गचा सुरेलपणा मिसळला. तिथल्या अ‍ॅट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' हा १९९५ चा अल्बम ऐका, २००० नंतरच्या कितीतरी मेटलकोअर रिफ्सचं माहेर सापडेल.

या संगीताची सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे ब्रेकडाऊन. त्यात बऱ्याचदा मेट्रोनोमवरचा वेग तोच राहतो, पण स्नेअरचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरून उचलून तिसऱ्या मात्रेवर टाकतात. कानाला वाटतं वेग निम्मा झाला. त्याच वेळी गिटार आणि बेस ड्रम एकाच जागी एकत्र पडतात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. वजन त्या मोकळ्या जागेमुळे येतं. शिमग्याला पालखीपुढे खालूबाजा ऐकलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. ढोलवाला हात आखडतो, टिमकी एकटी चालत राहते, आणि ढोल परत पडतो तेव्हा पालखी नाचवणाऱ्यांचे गुडघे आपोआप वाकतात. रील्समध्ये आपण ब्रेकडाऊनचे नेमके पंधरा सेकंद कापून ऐकतो. म्हणजे ढोल परत पडतो तेवढंच ऐकायचं, थांबलेला ऐकायचाच नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

दुसरी खूण म्हणजे दोन आवाज. कडव्यात घशातून ओरखडत येणारा स्क्रीम किंवा ग्राऊल, आणि धृपदात स्वच्छ, गाता येईल असा सूर. प्रत्येक मेटलकोअर बॅण्ड असं करत नाही, पण ज्या अल्बममुळे ही पद्धत जगभर पसरली त्यातलं एक मोठं नाव म्हणजे किलस्विच एंगेजचा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग', २००२ चा. या अल्बमची गोष्ट मला आवडते, कारण तो करणारा अ‍ॅडम डटकेविच तेव्हा बॅण्डचा ड्रमर होता, त्याने त्यात गिटारही वाजवली आणि निर्माताही तोच होता. तो बर्कली कॉलेजात शिकलेला. रेकॉर्डिंग मॅसॅच्युसेट्समधल्या झिंग स्टुडिओत झालं आणि मिक्सिंग इंग्लंडच्या अ‍ॅण्डी स्नीपने केलं. आपल्या गाळ्यातला लॅपटॉपवाला मित्र वाजवतो, रेकॉर्ड करतो आणि रात्री बसून मिक्सही करतो, तेव्हा तो काही जुगाड करत नसतो. या संगीतात हे असंच चालत आलंय.

आता गाळ्यात काय चालतं ते बघू, कारण "नुसता धांगडधिंगा" म्हणणाऱ्या मावश्या-काकांनी हे एकदा बघायला हवं.

गिटारच्या तारा आधी उतरवतात. नेहमीची ई-ए-डी-जी-बी-ई सोडून ड्रॉप सी, म्हणजे जाड तारेपासून सी-जी-सी-एफ-ए-डी. पाच तारा एक-एक स्वर खाली, सगळ्यात जाड तार दोन स्वर खाली. फायदा असा की खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड तयार होते, आणि रिफ भरभर सरकवता येते. पण उतरवलेली तार सैल पडते, फडफडते, म्हणून जाड तारांचा सेट लावायचा. मग प्रत्येक रिफ दोनदा वाजवायची. एकदा डाव्या कानासाठी, एकदा उजव्या. एकच रेकॉर्डिंग कॉपी करून दोन्हीकडे टाकलं तर चालत नाही, ते मधोमध येऊन नुसतं मोठं ऐकू येतं. दोन वेळा वाजवण्यातला जो बारीकसा फरक असतो, त्यानेच आवाजाला रुंदी येते. माझ्या मित्राने एका आठ मात्रांच्या रिफसाठी डाव्या बाजूचे एकेचाळीस टेक घेतले. मी मोजले, कारण मला दुसरं काम नव्हतं.

ड्रम किट त्यांच्याकडे नाही. ड्रम्स लॅपटॉपवर एकेक ठोका मांडून केलेत. इथे नवशिक्यांची हमखास चूक होते. मिडीमध्ये ठोक्याचा जोर १ ते १२७ असा मोजतात आणि उत्साहाच्या भरात सगळे ठोके १२७ वर ठेवले जातात. मग ड्रमर माणूस न वाटता शिलाई मशीन वाटतो. आमचा ड्रमर धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर ताल वाजवून कुठला हात थकतो ते बघतो, आणि घरी येऊन त्या हाताचे ठोके हलके करतो. हे त्याने मला सहज बोलता बोलता सांगितलं. यातलं काय भारी आहे ते त्याला कळलेलंही नव्हतं.

मिक्सिंगला आणखी एक भांडण असतं. गिटार, बास आणि बेस ड्रम तिघांनाही खालचा गुरगुरणारा भाग हवा असतो. तिघांना दिला तर चिखल होतो. म्हणून गिटारचा अगदी खालचा भाग, साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खालचा, कापून टाकतात. गिटार एकटी ऐकली तर पातळ वाटते आणि गिटारवाला रुसतो. बास जोडला की तीच गिटार डोंगराएवढी होते.

आणि मग कोलाडचे स्वतःचे त्रास. जून ते सप्टेंबर गाळ्यावरच्या पत्र्यावर पाऊस असा पडतो की माइक उघडायची सोय नाही. म्हणून आवाजाचं रेकॉर्डिंग फक्त दिवाळीनंतर. रेल्वे लाइन जवळ. कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्यापर्यंत मालगाडीच्या डब्यांवर अख्खे ट्रक चढवून नेणारी रो-रो सेवा १९९९ पासून आहे, आणि ती गाडी नेमकी चांगल्या टेकच्या वेळी हॉर्न देते असं गायकाचं ठाम मत आहे. लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरी दीड तास. त्यात काय होईल ते.

सगळ्यात अवघड काम मात्र आवाजाचं. अडलेली दोन गाणी तिथेच अडलीत. पहिल्याच दिवशी गायकाने पूर्ण जोरात स्क्रीम दिला, आणि पाचव्या मिनिटाला शेजारचे काका काठी घेऊन दारात. "काय रे, साप निघाला काय?" दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांच्या गाडीत काचा बंद करून रेकॉर्ड केलं. (हसू नका, बंद गाडी ही खरंच बरी व्हॉइस बूथ असते, सीटच्या फोममुळे आवाज घुमत नाही.) तिसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला आणि आठवडाभर तो व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलला.

इथे जरा गंभीर होते, कारण तुमच्यातले बरेच जण हे मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकताय. स्क्रीम म्हणजे जोरात ओरडणं नव्हे. स्वरयंत्रात नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर घडीसारखी आणखी एक जोडी असते, फॉल्स कॉर्ड्स म्हणतात तिला. ग्राऊलचा खरखरीतपणा मुख्यतः तिथून काढायचा असतो, श्वास पोटातून धरून, आणि आवाज बाहेरून वाटतो त्यापेक्षा बराच कमी ठेवून. उरलेलं काम माइक करतो. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गायन शिक्षिकेने २००५ मध्ये 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' नावाची शिकवणीची डीव्हीडी काढली ती याच कारणासाठी, की पोरं गळे फाडून घेत होती. किलस्विच एंगेजचा गायक जेसी लीच तो गाजलेला अल्बम आल्यावर काही आठवड्यांतच बॅण्ड सोडून गेला. गळा साथ देत नव्हता आणि मनही खचलं होतं. तो परत आला २०१२ मध्ये, आणि २०१८ मध्ये त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. दुखलं, रक्ताची चव आली, आवाज दोन दिवस बसला, तर थांबा. "खरा मेटलहेड असंच करतो" हे कोण सांगत असेल तर त्याला आधी गरम पाणी पाजा.

आता मूळ भांडणाकडे. "मेटलकोअरमध्ये असंच असतं."

ऑस्ट्रेलियात बायरन बे नावाचं समुद्रकाठचं छोटं गाव आहे. सर्फिंगला लोक जातात, जसे आपल्याकडे राफ्टिंगला येतात. तिथल्या पोरांनी २००३ मध्ये बॅण्ड काढला आणि ज्या रस्त्यावरच्या घरात ते प्रॅक्टिस करायचे त्या रस्त्याचंच नाव बॅण्डला दिलं: पार्कवे ड्राइव्ह. पहिला अल्बम 'किलिंग विथ अ स्माइल' २००५ मध्ये आणि दुसरा 'होरायझन्स' २००७ मध्ये. दोन्हींचा निर्माता तोच अ‍ॅडम डटकेविच. आज जगातल्या मोठ्या मेटल फेस्टिव्हलांमध्ये ते मुख्य बॅण्ड म्हणून वाजवतात आणि पोस्टरवर अजून त्यांच्या गल्लीचं नाव असतं. आंबेवाडी नाका असं नाव लिहिलेलं काळं टी-शर्ट डोळ्यासमोर आणा. मला तर आत्ताच विकत घ्यावंसं वाटतंय.

एवढं लांब नको असेल तर मुंबईचा स्क्राइब घ्या. हार्डकोअर-मेटलकोअर वाजवणारा हा बॅण्ड आपल्या आधीच्या पिढीने गर्दी करून ऐकला. २००८ मध्ये 'कन्फेक्ट', २०१० मध्ये 'मार्क ऑफ तेजा', २०१४ मध्ये 'हेल मोगॅम्बो'. पहिल्यांदा ही नावं वाचली तेव्हा मी मोठ्याने हसले होते. तेजा म्हणजे 'अंदाज अपना अपना'मधला, मोगॅम्बो म्हणजे 'मिस्टर इंडिया'मधला. त्यांच्या एका गाण्याचं नाव 'आय लव्ह यू पावभाजी' आहे. शब्दांत इंग्रजीच जास्त, पण डोकं पूर्ण मुंबईचं. आणि कोणी म्हणेल की हा निव्वळ पाचकळपणा, तर त्यांनी ते वाजवलंय कसं ते ऐका: तुटक, वाकडी, अचानक वळणारी लय, जी बसवायला महिने जातात. विनोद केलाय, वाजवण्यात मात्र चेष्टा नाही. याच बॅण्डचा गायक विश्वेश कृष्णमूर्ती पुढे 'द देवारिस्ट्स' या संगीतमालिकेचा दिग्दर्शक झाला, आणि बासवादक श्रीनिवास सुंदरराजनने 'द अनटायटल्ड कार्तिक कृष्णन प्रोजेक्ट' हा सिनेमा अगदी किरकोळ पैशांत करून दाखवला. ज्यांना आपल्या आजूबाजूचं बघायची सवय असते ती माणसं ते सगळीकडे बघतात.

दिल्लीचा ब्लडीवूड तर तुम्हाला माहीत असेलच. ढोल, बासरी, हिंदी-पंजाबी-इंग्रजी शब्द आणि मेटल. २०१९ मध्ये ते जर्मनीच्या वाकेन फेस्टिव्हलला वाजवून आले, २०२२ मध्ये 'रक्षक' हा अल्बम काढला. तिथल्या लोकांना शब्द कळले नाहीत म्हणून काही अडलं नाही. स्क्रीममधले इंग्रजी शब्द तरी आपल्याला पहिल्या खेपेला कुठे कळतात? लिरिक्स उघडूनच बसतो ना आपण?

यावर माझ्या मित्राचं उत्तर तयार होतं: "मराठीत स्क्रीम बसत नाही." हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. प्रयोग करून बघा. स्क्रीममध्ये स्वर अर्धे खाल्ले जातात, कानावर आदळतात ती व्यंजनं. आणि मराठीत तर ट, ठ, ड, ढ, ख, घ, झ, भ अशी दणकट व्यंजनं हाताशी आहेत. शिवाय आपण शेवटचा अकार उच्चारत नाही, म्हणून आपले कितीतरी शब्द बोलताना व्यंजनावर तुटतात. दगड. धडक. काळोख. फरफट. ब्रेकडाऊनच्या तुटक ठोक्यांवर असेच शब्द हवे असतात. धृपदाला लांब स्वर लागतात, तर 'नदी', 'वाटा', 'पुन्हा' आहेतच. अडचण कुठे आहे ते सांगू? मराठीत गायलं की घरच्यांना शब्द कळतात. इंग्रजीच्या आड लपता येतं. आईला कळेल अशा भाषेत "मला भीती वाटते" असं ओरडायला छाती लागते, आणि बर्फावरचं गाणं तिथून पळून जायची सोय आहे.

कारण गाण्यासाठी विषय नाहीत असं तर नाही. मुंबई-गोवा हायवेचं आमच्या पट्ट्यातलं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही तिसरीत होतो. आता माझ्या हातात डिग्री आली आणि आम्ही अजून डायव्हर्जनचे बोर्ड वाचतोय. त्या रस्त्यावर वर्गातलं कोण ना कोण आपटलंय. धाटावहून रात्रपाळी करून येणाऱ्याच्या कपड्यांना येणारा वास आहे. बारावीनंतर अर्धा वर्ग मुंबई-पुण्याला निघून जातो आणि नाक्यावर संध्याकाळी तेच चार जण उरतात, हे आहे. पत्र्यावरचा पाऊस आहे, ज्याला रेकॉर्डिंगमध्ये शिव्या घालतो तोच. गिटारच्या सुरुवातीच्या शांत भागाखाली तो नुसता ठेवला तरी ऐकणाऱ्याला कळेल हे कुठलं आहे.

इंग्लंडच्या आर्किटेक्ट्स बॅण्डचा गिटारवादक टॉम सर्ल २०१६ मध्ये कॅन्सरने गेला, २८ वर्षांचा होता. ड्रमर डॅन त्याचा जुळा भाऊ. टॉमने अर्धवट सोडलेल्या रिफवरून त्यांनी गाणं पुरं केलं आणि २०१८ मध्ये 'होली हेल' अल्बम काढला. तो ऐकताना स्क्रीम का असतो हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या पोरांकडे असलं दुःख असावं असं मी कशाला म्हणू? पण जे आहे ते त्यांचं आहे आणि अजून कोणी गायलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सगळा दोष पोरांचा होईल. त्यांना वाजवायला जागा नाही. मुंबईतही ही रड जुनीच. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक धोबी तलावच्या रंगभवनात गाजला, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रमच बंद पडले. हॉस्पिटलजवळ आवाज नको हे बरोबरच आहे. पण त्याच्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली? आपल्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य गायनाचे प्रकार असतात, लोकवाद्यवृंदही असतो. पण स्वतः लिहिलेलं गाणं चौघे मिळून डिस्टॉर्शन लावून वाजवतायत, याला बसवायला रकाना मला तरी कुठल्या कॉलेजात दिसलेला नाही. गॅदरिंगला डीजेचा आवाज चालतो, तिथे कोणाचे कान दुखत नाहीत. कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळात जे तुमच्यापैकी असतील त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागते. रविवारी एक रिकामी वर्गखोली, दारं-खिडक्या बंद करून, तीन तास. आणि गॅदरिंगच्या वेळापत्रकात वीस मिनिटं फक्त स्वतःच्या गाण्यांना, भाषा कुठलीही. प्राचार्यांना पटवायचं असेल तर प्रॅक्टिसच्या वेळा लेखी द्या आणि त्या पाळा, बरंच काम सोपं होतं.

आणि जे वाजवत नाहीत, नुसते ऐकतात, त्यांनी मित्राचं गाणं "भारी भावा" म्हणून फॉरवर्ड करण्याआधी एकदा शब्द वाचा. नाही आवडलं तर तोंडावर सांगा. मी सांगितलं तेव्हा माझा मित्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "हायवेला यमक काय बसतं?" मी म्हटलं, यमक कशाला हवंय, ब्रेकडाऊन आहे तो.

पाचवं गाणं ते आता मराठीत करतायत. ड्रमरची शनिवारी रात्रपाळी नाही, पाऊसही थांबलाय, तेव्हा आवाज त्याच दिवशी घेणार आहेत. मालगाडीचा हॉर्न आला तर ठेवायचा का, यावर ग्रुपवर वाद चालू आहे. शेजारच्या काकांना मात्र आधीच सांगून ठेवलंय.